शाकारणीचे पैसे

(दापोलीत मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पावसाला अजून तीनेक आठवडे आहेत. आज येताना आंजर्ल्याच्या रस्त्याला दोन घरांवर माणसं चढलेली दिसली, कौलं परतत होती. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी या महिन्यात घर शाकारलं असेल, किंवा शाकारायला माणूस मिळत नाही म्हणून ते काळजीत असतील. त्यामुळे बोलायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न मला उरला नाही.

आमच्या घरी शाकारणीचे पैसे मुंबईहून यायचे. वडील परळला गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असे, दोन ओळी मजकुरापुरतं. त्यावर वडील लिहायचे, ‘पंधरा रुपये फीचे, पाच आजीच्या औषधाचे.’ आई ते कुपन देवाच्या फोटोमागे खोचून ठेवायची आणि अक्षरशः पाळायची. फीचे पैसे फीलाच. एका वर्षी मे महिन्याच्या कुपनावर शाकारणीचा उल्लेखच नव्हता. परळच्या खोलीत बसलेल्या माणसाला इथली कौलं फुटलेली दिसणार कशी? आईने विचारायला पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंत मृग लागला. त्या पावसात आम्ही भावंडं माजघरात पातेल्यांच्या मधून वाट काढत झोपायला जात असू. घरात पैसे होते, पण ते दुसऱ्या कामाचे होते.

पुढे जवळपास तीस वर्षं मी जी नोकरी केली, ती या कुपनाचीच होती. एका आंतरराष्ट्रीय संस्थेत, गरीब देशांच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयांना दिलेली अनुदानं सांभाळणं हे माझं काम. सांभाळणं म्हणजे अर्ज तपासायचे, करार करायचे, हप्ते सोडायचे, खर्चाची छाननी करायची, पैसे ठरल्या कामालाच लागले अशी उपयोगिता प्रमाणपत्रं मागायची आणि वर्षातून दोन-तीनदा प्रत्यक्ष जाऊन बघायचं. घरी कोणी विचारलं, तू नक्की काय करतेस, तर मला कधी नीट सांगता आलं नाही. आज सांगते.

सांख्यिकी कार्यालय म्हणजे काय, ते थोडक्यात. महागाईचा दर, राष्ट्रीय उत्पन्न, जनगणना, कोणत्या जिल्ह्यात किती मुलं कुपोषित आहेत, भाताचं पीक किती आलं, हे सगळं मोजणारं सरकारी खातं. आपल्याकडे केंद्रात सांख्यिकी मंत्रालय आहे, राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, आणि रत्नागिरीला जिल्हा सांख्यिकी कार्यालय आहे. ते ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ नावाचं पुस्तक काढतं. ते एकदा जरूर हातात घ्या. आपला जिल्हा कागदावर कसा दिसतो ते त्यात कळतं.

अनेक देशांत या खात्याला स्वतःच्या सरकारकडून पगारापुरते पैसे मिळतात. मोठी पाहणी किंवा जनगणना करायची म्हटलं की बाहेर हात पसरावा लागतो. अशा मदतीला शिस्त लावण्यासाठी नोव्हेंबर १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक, नाणेनिधी, युरोपीय आयोग आणि ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना यांनी मिळून ‘पॅरिस २१’ ही भागीदारी सुरू केली. त्याच सुमाराला जागतिक बँकेने सांख्यिकी क्षमता वाढवण्यासाठी एक विश्वस्त निधी उभारला. पुढे २००४ मध्ये माराकेशला आणि २०११ मध्ये बुसानला कृती आराखडे झाले. त्या आराखड्यांचा गाभा एका वाक्यात मावतो. प्रत्येक देशाने आकडेवारीसाठी आपली स्वतःची राष्ट्रीय योजना लिहावी आणि देणाऱ्यांनी तिच्यामागून चालावं. योजना बहुतेकांनी लिहिल्या. मागून चालणारे थोडे निघाले.

आणि रक्कम तरी किती? जगभर जी विकास-मदत दिली जाते, तिच्या शंभर रुपयांत आकडेवारीच्या वाट्याला तीस-पस्तीस पैसे येतात. वर्षानुवर्षं हे प्रमाण तिथेच घोटाळतंय. रस्ता, दवाखाना, शाळा यांचं उद्घाटन होतं. महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाचं उद्घाटन झालेलं मी पाहिलेलं नाही.

आपण या व्यवहारात फक्त घेणारे नव्हतो, हे इथल्या विद्यार्थ्यांना मला मुद्दाम सांगायचंय. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस संयुक्त राष्ट्रांच्या नमुना पाहणीविषयीच्या, म्हणजे सगळं न मोजता थोडं निवडून मोजण्याविषयीच्या, उपआयोगाचे अध्यक्ष होते. १९५० मध्ये आपली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, आणि त्याच वर्षी कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्र निघालं. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचे अधिकारी तिथे शिकून गेले. आफ्रिकेत एका कार्यालयात मी भारतीय आहे म्हटल्यावर तिथले निवृत्तीला आलेले उपसंचालक उठले, कपाटातून कलकत्त्याच्या बराकपूर ट्रंक रोडवर काढलेला त्यांच्या तुकडीचा फोटो घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला. आमच्या पुढच्या सगळ्या बैठका सोप्या झाल्या.

दुसरं नाव आपल्या अगदी जवळचं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातलं बुध हे त्यांचं गाव. १९५१ मध्ये ते रोमला अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. त्याआधी चाळीसच्या दशकात त्यांचा आणि महालनोबिसांचा एक वाद झाला होता. पीक कापणी प्रयोगात शेतातला एक तुकडा आखून कापतात, तोलतात आणि त्यावरून सगळ्या पिकाचा अंदाज बांधतात. हा तुकडा केवढा आखायचा? महालनोबिसांचा कल लहान गोल तुकड्याकडे होता. काम झटपट होतं आणि जास्त शेतं होतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा लहान असला की उत्पादन फुगतं. कारण साधं आहे. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी. कडेवरचा भाताचा चूड आत धरायचा की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत तो आत ओढतो. प्रत्येक चुडाला थोडं थोडं, आणि राज्याचं उत्पादन टक्क्यांनी चढतं.

हा वाद मी अनुदानाच्या बैठकांत किती वेळा सांगितला असेल! देणारे लोक मोजणीला पैसे देतात. मोजायची पद्धत बरोबर आहे का, हे तपासायला क्वचित देतात. दोन आकारांचे तुकडे शेजारी शेजारी कापून बघायचे, तर त्यातून कुठलाही ‘निष्कर्ष’ छापता येत नाही. फक्त पुढची वीस वर्षं आकडा खरा येतो. कृषी पाहणीच्या बाबतीत परिस्थिती पुढे जरा सुधारली. २००८-०९ च्या सुमाराला गेट्स फाउंडेशनच्या मदतीने जागतिक बँकेने आफ्रिकेतल्या आठ देशांत शेतीच्या एकात्मिक पाहण्या सुरू केल्या, त्यात पद्धतींच्या प्रयोगांसाठी वेगळी तरतूद होती. ज्याचा साबुदाणा करतात त्या कसाव्याचंच बघा. ते कंद लोक एकदम काढत नाहीत, लागेल तसे वर्षभर उकरून खातात. शेवटी ‘गेल्या वर्षी किती निघाला’ विचारलं तर शेतकरी काय सांगणार? रोज डायरी लिहायची, की दर आठवड्याला फोन करून विचारायचं, की वर्षात एकदाच? यातल्या कुठल्या रीतीने आकडा खरा येतो, ते तपासून बघितलं तेव्हा कुठे कळलं.

आता अनुदान प्रत्यक्षात कसं चालतं त्याचा एक प्रसंग सांगते. देशाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या देशाचा नव्हता.

पूर्व आफ्रिका. सांख्यिकी कार्यालयात प्रशिक्षित, कायम प्रगणक साठ-सत्तर. त्या वर्षी तीन देणगीदार आले. एकाला कुटुंबाच्या खर्चाची पाहणी हवी होती, दुसऱ्याला बालआरोग्याची, तिसऱ्याला शेतीची. तिघांच्या प्रश्नावल्या वेगळ्या, टॅब्लेट वेगळे, आणि मुख्य म्हणजे दैनिक भत्ता वेगळा. आरोग्यवाल्यांचा भत्ता खर्चवाल्यांच्या दीडपट. साहजिकच सगळे चांगले प्रगणक आरोग्याच्या पाहणीत गेले. खर्चाची पाहणी नवख्या मुलांवर आली. शेतीची पाहणी पेरणीच्या वेळी व्हायला हवी होती, ती झाली कापणीनंतर, कारण तिसऱ्या देणगीदाराचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होत होतं, देशाचं जुलैत, आणि पहिला हप्ता सुटायला दोन्हीकडच्या सह्या लागत होत्या. पाऊस मार्चमध्ये आला आणि गेला. जीपगाड्या तेवढ्या वेळेवर आल्या. नव्याकोऱ्या अकरा जीप कार्यालयाच्या आवारात उभ्या होत्या आणि त्यांत घालायच्या डिझेलचा खर्च कोणाच्याच अनुदानात धरलेला नव्हता.

त्या तिघांपैकी एक आम्ही होतो. खर्चाची पाहणी माझ्या सहीने मंजूर झाली होती. मी तिथे पोहोचले तेव्हा मुख्य सांख्यिकी अधिकारी, पन्नाशीच्या शांत बाई, मला म्हणाल्या, “तुम्हा तिघांना तीन अहवाल वेळेवर मिळतील. आम्ही देऊ. पण या वर्षी आमचा स्वतःचा किंमत निर्देशांक दोन महिने उशिरा निघाला. बाजारात भाव घ्यायला जायला माणूसच नव्हता.” महिन्यामागून महिना, न चुकता भाव गोळा करणं हे त्या कार्यालयाचं मूळ काम. आम्ही दिलेल्या पैशांनी तेच बंद पाडलं होतं. मला त्या रात्री झोप आली नाही. आईच्या कुपनाची आठवण झाली ती तेव्हा.

तिथून परतल्यावर मी आमच्या करारांच्या मसुद्यात तीन गोष्टी घालायला लावल्या, आणि त्यासाठी दोन वर्षं भांडले. कुठल्याही पाहणीच्या अर्जासोबत कार्यालयाचं पूर्ण वर्षाचं कॅलेंडर जोडलेलं हवं, त्यात आमची पाहणी कुठे बसते ते दिसलं पाहिजे. भत्ता देशाच्या सरकारी दराने, त्यावर एक पैसा नाही. आणि अनुदानातल्या प्रत्येक पगारापुढे एक रकाना. अनुदान संपल्यावर हा पगार कोण देणार? तिसऱ्या अटीला सर्वात जास्त विरोध झाला. लोक म्हणायचे, तीन वर्षांनंतरचं आत्ता कसं सांगता येईल? मी म्हणायचे, सांगता येत नसेल तर तो माणूस कार्यालयाचा नव्हे, तो आपला आहे, आणि आपण गेलो की तोही जाईल. आणि तसंच होत असे. ज्याला आम्ही नमुना निवड शिकवली, तो वर्षभरात चौपट पगारावर एखाद्या देणगीदाराच्याच कचेरीत सल्लागार म्हणून बसलेला दिसे. त्या मुलांना दोष देता येत नाही. घरं त्यांनाही चालवायची असतात.

याहून चांगल्या रीती नाहीत असं नाही. रवांडात २००५ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी संस्था नव्याने उभी राहिली, तेव्हा काही देणाऱ्यांनी आपापली वेगळी पाहणी न मागता एकत्रित निधीत पैसे टाकले आणि खर्च देशाच्या योजनेप्रमाणे होऊ दिला. मोझांबिकमध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयांनी वर्षानुवर्षं आपली माणसं पाठवली. खात्यातल्या माणसाशेजारी खात्यातलाच माणूस बसतो तेव्हा शिकवणं वेगळं होतं. त्याला ठाऊक असतं की जावक क्रमांक नसलेलं पत्र कुठल्याच देशात हलत नाही.

आता शाकारणीकडे येते. आकडेवारीत शाकारणी म्हणजे नेमकं काय, याचं एक मोठं उदाहरण घाना. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना एक आधारवर्ष धरतात. त्या वर्षी अर्थव्यवस्थेत कशाचा किती वाटा होता, त्यावर पुढची गणितं चालतात. दर पाच वर्षांनी ते बदलावं असा संकेत आहे. घानाचं आधारवर्ष १९९३ होतं, आणि ते तसंच राहिलं. मधल्या काळात मोबाइल फोन आले, बँका आल्या, शहरं वाढली. जुन्या वाट्यांच्या हिशेबात त्यांना जागाच नव्हती. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी आधारवर्ष २००६ वर आणलं आणि घानाचं राष्ट्रीय उत्पन्न साठ टक्क्यांच्या आसपास वाढलं. देश कमी उत्पन्नाच्या गटातून निम्न-मध्यम गटात गेला. नायजेरियाचं याहून मोठं. तिथे १९९० हेच आधारवर्ष चालू होतं. एप्रिल २०१४ मध्ये ते २०१० केलं, तेव्हा उत्पन्नाचा आकडा ८९ टक्क्यांनी वर गेला आणि नायजेरिया दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडातली सर्वात मोठी अर्थव्यवस्था ठरली. एका दिवसात. कोणाच्या ताटात एक घास जास्त पडला नव्हता.

याचे परिणाम कागदावर राहत नाहीत. सवलतीचं कर्ज मिळणार की नाही, कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण किती, कर गोळा होतो तो पुरेसा आहे का, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं. दोन्ही देशांना त्या वर्षांत परदेशी मदत येत नव्हती का? येत होती. पाहण्यांना येत होती. पण आधारवर्ष बदलायला उद्योगधंद्यांची गणना लागते, कारखान्यापासून टपरीपर्यंत कोण काय विकत घेतं आणि काय विकतं याचे तक्ते लागतात, आणि त्यावर चार-पाच माणसांनी दोन-तीन वर्षं डोकं लावून बसावं लागतं. दिसायला काही नाही. देणगीदाराच्या वार्षिक अहवालात छापायला फोटो नाही. कौल परतलेल्या घराचा फोटो कोण काढतं? पण पावसात फरक तेवढाच असतो.

आणखी एक प्रकार मी पाहिलाय. एका देशात मागच्या जनगणनेच्या भरलेल्या प्रश्नावल्या गोदामात पोत्यांत होत्या. छपाईला पैसे मिळाले होते, भरायला मिळाले होते, संगणकावर चढवायला अर्ध्यापर्यंत पुरले. उरलेल्या पोत्यांना वाळवी लागली होती. एकेका पोत्यात एकेक गाव होतं. म्हणून २००४ नंतर, माराकेशच्या आराखड्यातून, कुटुंब पाहण्यांचं जे आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं, त्याने जुन्या पाहण्यांची माहिती नीट जपून, सूची करून, संशोधकांना खुली करायची साधनं फुकट दिली. त्याचं मोल मला फार वाटतं. आकडे भरायला ‘सीएसप्रो’, टॅब्लेटवर पाहणी करायला ‘सर्व्हे सोल्युशन्स’, ही सॉफ्टवेअरंही विनामूल्य आहेत. इथल्या महाविद्यालयांनी वापरून बघावीत.

आता एक असा विषय, ज्यावर मी पैशांपेक्षाही जास्त वेळ घालवला. प्रश्न कोणाचा?

निसर्ग वादळ तुम्ही सोसलंय. ३ जून २०२०. केळशी, आंजर्लं, मुरूड, वर मंडणगडपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. पंचनामे सुरू झाले तेव्हा मदतीचं माप हेक्टरी होतं. आपल्या वाडीला हेक्टर कुठला? चार-सहा गुंठ्यांत माड, त्यांच्यामध्ये पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, खाली जायफळ, कडेला केळी. हेक्टरी माप ऊस आणि सोयाबीनसाठी ठीक आहे. इथे ते लावलं की चाळीस पोफळी पडलेल्या माणसाच्या हातात काही शेकडे टेकवले जातात. नंतर झाडामागे मदत द्यायचा निर्णय झाला, तो बरोबर होता. पण मग प्रश्न आला की वादळाआधी झाडं होती किती? खोडं मोजायची तर निम्मी तोडून हलवलेली. सातबाऱ्यावर कोणाच्या किती पोफळी आहेत ते नीट लिहिलेलं कुठे होतं? माझ्या चुलत्यांनी वाडीचा नकाशा हाताने काढून तलाठ्याला दिला, प्रत्येक माडाचं नाव त्यांना पाठ होतं म्हणून.

सांगायचा मुद्दा असा की कशात मोजायचं हे मोजण्याआधी ठरतं, आणि ते ठरवणारा माणूस त्या जमिनीवरचा नसेल तर पुढची सगळी अचूकता वाया जाते. आफ्रिकेत मका आणि घेवडा एकाच वाफ्यात असतो. ‘मुख्य पीक कोणतं?’ असा रकाना असलेली प्रश्नावली घेऊन गेलं की घेवडा गायब. तो बायकांचा असतो, त्याचे पैसे बायकांच्या हातात येतात. म्हणजे एका रकान्याने घेवड्याबरोबर बाईचं उत्पन्नही गायब होतं.

तीच गोष्ट ‘कुटुंब’ या शब्दाची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वात जास्त. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत घटली. का, ते इथे कोणाला सांगायला नको. चाकरमानी मुंबईत मोजला गेला. पण माझ्या आईला विचारलं असतं, घरात माणसं किती, तर तिने वडिलांना धरून सांगितलं असतं, कारण चूल त्यांच्याच पैशांवर पेटत होती. ‘गेल्या बारा महिन्यांत सहा महिन्यांहून जास्त इथे राहिलेल्यालाच कुटुंबात धरा’ हा पाहण्यांचा नेहमीचा नियम तिला लावला असता, तर आमचं घर बाईने एकटीने चालवलेलं, उत्पन्न नसलेलं कुटुंब ठरलं असतं. लेसोथोसारख्या देशात, जिथले पुरुष पिढ्यानपिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कामाला गेले, तिथे हा प्रश्न गरिबीचा सगळा नकाशा बदलू शकतो. म्हणून अनुदानाचे पैसे किती वेगाने येतात, किती खर्च व्हायचे राहिलेत वगैरे बाबी दहाव्या जागी ठेवून मी आधी प्रश्नावलीचा मसुदा वाचायचे, आणि विचारायचे की हा कोणी लिहिला, कुठे बसून लिहिला, आणि स्थानिक भाषेत बोलून पाहिला का.

स्वायत्ततेबद्दल थोडंच बोलते, कारण तो विषय एका व्याख्यानाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये अधिकृत आकडेवारीची दहा मूलतत्त्वं स्वीकारली, आमसभेने २९ जानेवारी २०१४ ला त्यांना मान्यता दिली. त्यांचा अर्थ असा की आकडा शास्त्राने ठरतो आणि सगळ्यांना समान मिळतो. मंत्र्याला आधी दाखवायचा मोह सगळीकडे असतो, हे लोकांना माहीत असतं. देणगीदारालाही तोच मोह होतो, हे कमी जणांना माहीत आहे. एकदा आमच्याच मुख्य कचेरीतून मला निरोप आला की गरिबीचा नवा दर जाहीर होण्याआधी आम्हाला कळवा, एका परिषदेत सांगायचाय. मी लेखी उत्तर दिलं की जाहीर करण्याची तारीख त्या देशाने वर्षाच्या सुरुवातीलाच छापली आहे, त्या दिवशी सकाळी दहाला तो आपल्यालाही कळेल. वरिष्ठ नाराज झाले. त्या कार्यालयातल्या लोकांना हे कुठून तरी समजलं, आणि त्यानंतर त्यांच्या मंत्रालयाला तेच उत्तर देणं त्यांना सोपं गेलं.

आणि आता गेल्या वर्षभरात मला ज्याने बेचैन केलंय ते. १९८४ पासून अमेरिकेच्या मदतीने ‘डीएचएस’ नावाच्या लोकसंख्या व आरोग्य पाहण्या चालत होत्या, नव्वदच्या आसपास देशांत चारशेहून अधिक पाहण्या. अनेक देशांत बालमृत्यूचा विश्वासार्ह आकडा फक्त तिथूनच यायचा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि फेब्रुवारीत तो कार्यक्रमच बंद केला. पाहण्या मध्येच अडकल्या. माझ्याबरोबर काम केलेल्या माणसांचे फोन आले. चाळीस वर्षांत नमुना निवडीची, प्रश्नावलीची, आकडे शुद्ध करण्याची कितीतरी कामं त्या एका कार्यक्रमाच्या माणसांकडे होती. कितीतरी कार्यालयांत ती खात्याच्या अंगात मुरलीच नव्हती.

भारताचं काय झालं? आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी त्याच घराण्यातली. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली ती अमेरिकी मदतीनेच. पण इथे ती पाहणी ज्यांनी चालवली, ती देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, १९५६ पासून उभी होती. तीही बाहेरच्या मदतीनेच उभी राहिली होती, संयुक्त राष्ट्रं, भारत सरकार आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट या तिघांनी मिळून. पण ती मदत एका पाहणीला नव्हती. शिकवणाऱ्या माणसांना, ग्रंथालयाला, दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तुकडीला होती. पाहणीच्या पुढच्या फेऱ्यांत आपल्या सरकारचा वाटा वाढत गेला, आणि नमुना कसा काढायचा हे माहीत असलेली माणसं मुंबईतच होती. दोन अनुदानं, एक १९५६ चं आणि एक १९९२ चं. पहिलं नसतं तर दुसऱ्याचं काय झालं असतं, ते मी इतर देशांत पाहून आले आहे.

विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारेल की या कामाला शिकायचं कुठे. हर्णैला जा. मासे उतरतात तिथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं मोजणी करतात, देशाच्या सगळ्या किनाऱ्यावर एकाच आखणीने. महिन्यातले दिवस चिठ्ठी काढल्यासारखे निवडायचे. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा बंदरावर उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्री काय उतरलं ते विचारून घ्यायचं. होड्या थोड्या असतील तर सगळ्या बघायच्या, जास्त असतील तर ठरल्या अंतराने. लिलावाच्या गोंधळात, पावसापाण्यात, कोळणींशी नीट बोलून. वर्षानुवर्षं हे चाललंय म्हणून बांगडा कधी घटला, तारली कधी परतली हे सांगता येतं. माझ्या नोकरीच्या काळात बाहेरून आलेल्या पाहुण्यांना मी हर्णै दाखवायला आणलं होतं, सांख्यिकी कार्यालयांचे तीन प्रमुख होते. त्यांतल्या एकाने मोजणाऱ्या तरुणाला विचारलं, “तुझा पगार कुठल्या प्रकल्पातून होतो?” त्या मुलाला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, “प्रकल्प नाही साहेब, मी नोकरीत आहे.”

ज्या देशात अकरा जीप डिझेलविना उभ्या होत्या, तिथे मी शेवटची गेले निवृत्तीच्या आधीच्या वर्षी. त्या शांत बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुणाने मला देशाचं अंदाजपत्रक उघडून एक ओळ दाखवली. ‘बाजारभाव संकलन, क्षेत्रीय कर्मचारी आणि प्रवास.’ रक्कम लहान होती, आमच्या एका जीपच्या किमतीइतकी असेल नसेल. पण ती त्यांच्या सरकारची होती, सलग तिसऱ्या वर्षी. तो म्हणाला, यात डिझेलसुद्धा आहे. मग आम्ही मागच्या महिन्याचा निर्देशांक बघितला. ठरल्या तारखेला निघाला होता.